कापलेल्या फोटोतला कर्नल

फोटोत दोन माणसं उभी आहेत. एक गणवेशातला तरुण शिपाई, दुसरे अमेरिकेच्या लष्कर खात्याचे सेक्रेटरी. सेक्रेटरींची नजर शिपायाच्या बाजूला आहे. बघणाऱ्याला वाटावं, खात्यातला सर्वांत वरचा माणूस आणि सर्वांत खालचा माणूस, पण दोघांचं सूत चांगलं जमलेलं दिसतंय.

२६ एप्रिल १९५४ला वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या चौकशी समितीसमोर हा फोटो मोठा करून आणला गेला. दुसऱ्या दिवशी लष्कराचे वकील जोसेफ वेल्च म्हणाले, हा फोटो कापलेला आहे. मूळ फोटोत शिपायाच्या पलीकडे एक कर्नल उभे होते. मग सेक्रेटरी बघत होते ते शिपायाकडे, की त्याच्या पलीकडच्या कर्नलकडे? या एका नजरेवर सिनेटमध्ये कितीतरी वेळ खल झाला. रॉय कोहन नावाच्या २७ वर्षांच्या वकिलाला साक्षीत हेच विचारलं, तेव्हा तो म्हणाला की सेक्रेटरी कुणाकडे बघतायत हे सांगायला अंतर्ज्ञानी माणूसच हवा.

ब्रॅडली नावाच्या त्या कर्नलांचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. ते फक्त तिथे उभे होते. ते होते तेव्हा फोटोचा अर्थ एक होता, ते नसताना दुसरा झाला.

हे सगळं मी पाहिलं ते 'पॉइंट ऑफ ऑर्डर' या १९६४ सालच्या माहितीपटात. माझा भाचा चित्रपटांचं शिक्षण घेतोय. तो लॅपटॉपवर लावून देत म्हणाला, "मावशी, यात निवेदन नाही, संगीत नाही, नुसती सुनावणी आहे. तुला आवडेल." मी ३३ वर्षं न्यायालयात लघुलेखक होते. पहिल्या दहा मिनिटांतच लक्षात आलं की माझ्या उजव्या हाताचं बोट गोधडीवर हलतंय. समोरची माणसं बोलत होती आणि बोट ते पिटमन लघुलिपीच्या रेघांत उतरवून घेत होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण कुणी शपथ घेऊन बोलायला लागलं की हात जागा होतो.

आमच्याकडे साक्ष कशी नोंदवतात हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलतो. न्यायाधीश त्याचं बोलणं वाक्यात बसवून सांगतात आणि आम्ही ते उतरवतो. वकिलाचा प्रश्न सहसा कागदावर येत नाही. उत्तर तेवढं सलग, प्रथमपुरुषी होऊन येतं. 'मी त्या दिवशी शेतावर हजर होतो. प्रतिवादी माझ्या ओळखीचा आहे. हे म्हणणे खोटे आहे की मी पैसे घेऊन साक्ष देत आहे.' माणूस तीन वेळा अडखळलेला असतो, एकदा रडलेला असतो, मध्ये पाणी प्यालेला असतो. कागदावर मात्र कुठे खळ पडलेला दिसत नाही. वरच्या न्यायालयात अपील जातं तेव्हा तिथले न्यायाधीश तोच कागद वाचतात.

दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश १८ मध्ये, १२वा नियम आहे. साक्षीदाराच्या वर्तनाबद्दल न्यायालयाला जे महत्त्वाचं वाटेल ते न्यायालय नोंदवू शकतं. ३३ वर्षांत अशी नोंद मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा घेतली असेन. बोर्डावर चाळीस-पन्नास प्रकरणं असताना चेहऱ्यांची नोंद घ्यायला कुणाला सवड असते?

म्हणून हा चित्रपट बघताना मी हलू शकले नाही. यात नुसते चेहरे आहेत.

मागची हकिकत थोडक्यात सांगते. विस्कॉन्सिनचे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी फेब्रुवारी १९५०मध्ये व्हीलिंग या गावातल्या भाषणात सांगितलं की परराष्ट्र खात्यात भरलेल्या कम्युनिस्टांची यादी माझ्याकडे आहे. आकडा आधी २०५ होता, पुढे ५७ झाला, नंतर आणखी बदलला. यादी कुणाला नीट बघायला मिळाली नाही. त्यानंतर चार वर्षं हा माणूस देशाच्या छातीवर बसला होता. त्याच्याही आधीपासून चौकशी समित्यांचा एक ठरलेला प्रश्न होता: तुम्ही आज कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात काय, किंवा पूर्वी कधी होता काय? माझ्या कामाच्या नजरेतून मला यात ते 'पूर्वी कधी' फार भयंकर वाटतं. त्याला मुदत नाही. विशीत एखाद्या सभेला गेलेला माणूस पन्नाशीतही त्याच्या कचाट्यात सापडतो. उत्तर दिलं तर पुढचा प्रश्न येई, तिथे आणखी कोण होतं? गप्प राहण्याचा घटनेनं दिलेला हक्क वापरला तर गप्प बसणं हाच पुरावा. नोकऱ्या गेल्या, घरं मोडली. आणि जानेवारी १९५४मध्ये गॅलपच्या जनमत पाहणीत देशातल्या निम्म्या लोकांचं मॅकार्थींबद्दल चांगलं मत होतं.

सुनावणी मात्र एका शिपायावरून झाली, फोटोतल्या त्याच शिपायावरून. डेव्हिड शाइन हा हॉटेलांच्या साखळीच्या मालकाचा मुलगा. मॅकार्थींच्या समितीचा वकील होता कोहन; शाइन त्याचा मित्र, आणि त्याच समितीत बिनपगारी सल्लागार. त्याला सक्तीच्या लष्करी भरतीत बोलावणं आलं. लष्कराचं म्हणणं, त्याला सवलती मिळाव्यात म्हणून कोहन आणि मॅकार्थींनी आमच्यावर दबाव आणला. मॅकार्थींचं म्हणणं, आम्ही लष्करातले कम्युनिस्ट शोधत होतो ते थांबावं म्हणून लष्करानं शाइनला ओलीस धरलं. सेक्रेटरी स्टीव्हन्स यांच्या कार्यालयात त्यांचे फोन दुसऱ्या जोडणीवर ऐकून लघुलिपीत टिपून घेतले जात, ती टिपणंसुद्धा पुढे पुराव्यात आली. ते कळलं तेव्हा मी ताठ बसले. देशाचे बडे लोक फोनवर गोड बोलत होते आणि माझ्यासारखं कुणीतरी मान खाली घालून त्यातला शब्दन् शब्द उतरवत होतं.

२२ एप्रिल ते १७ जून. ३६ दिवस. एबीसी आणि ड्यूमाँट या दोन वाहिन्यांनी सुनावणी दिवसभर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली. अमेरिकेत तोवर निम्म्याहून अधिक घरांत टीव्ही आला होता, आणि एकेका वेळी दोन कोटी माणसं बघत असावीत असा अंदाज आहे. तेव्हा प्रक्षेपण साठवायला टेप नव्हती. टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्राचं चित्र घ्यायचं, ही रीत. अशी सुमारे १८८ तासांची फिल्म सीबीएस या वाहिनीकडे पडून होती. एमिल द अँटोनिओ यांनी ती मिळवली आणि तिच्यातून ९७ मिनिटांचा चित्रपट काढला. त्यांचा हा पहिलाच चित्रपट. चित्र करडं आहे, कडा विरघळलेल्या, माणसांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. निवेदक नाही, त्यामुळे कोण खरं आणि कोण खोटं हे कुणी सांगत नाही. बघत बसावं लागतं.

आणि बघत बसलं की दिसायला लागतं. मॅकार्थींचा आवाज एका पट्टीतला, घसा न ताणता लांबत जाणारा. दर थोड्या वेळानं "मिस्टर चेअरमन, पॉइंट ऑफ ऑर्डर". आपल्या विधानसभेत याला हरकतीचा मुद्दा म्हणतात. कामकाज नियमाला सोडून चाललंय असं वाटलं तर सभासदानं उठावं, यासाठी तो असतो. मॅकार्थींना तो दुसऱ्याचं वाक्य तोडायला लागे. नियमाची हरकत क्वचितच असे. बहुतेक वेळा भाषण असे. कोहन सारखा त्यांच्या कानाशी लागतो. मायक्रोफोनवर तळवा ठेवून दोघं कुजबुजतात आणि त्या वेळी कोहनचे जड पापण्यांचे डोळे खोलीभर फिरत असतात. स्टीव्हन्स हा भला माणूस. पण प्रश्नांच्या भडिमारात त्यांचा चेहरा दिवसागणिक उतरत गेलेला दिसतो. बोस्टनचे वकील वेल्च ६३ वर्षांचे, बो-टाय लावलेले, हनुवटी हातावर टेकवून बसतात. झोप लागली की काय असं वाटतं. लागलेली नसते. असे वकील मी पाहिलेत. ते पहिले दोन तास काही बोलत नाहीत आणि साक्षीदार सैल झाला की एकच प्रश्न विचारतात.

मी नोकरीला लागून चारेक वर्षं झाली असतील. मराठवाड्यातलं एक तालुक्याचं ठिकाण. घरवाटणीचा दिवाणी दावा होता, आणि वादीच्या बाजूनं शेजारच्या एक शिक्षिका साक्षीला आल्या होत्या. सरतपासणीत बाई छान बोलल्या. भिंत कुणी घातली, कोणत्या साली घातली, आड कुणाच्या वाट्याला होता, सगळं स्वच्छ. उलटतपासणी सुरू झाली. वकिलांनी दोन-चार प्रश्न विचारले, मग कागद चाळत, वर न बघता, विचारलं, "तुमच्या धाकट्या बहिणीनं घर सोडलं ते कुणाबरोबर?" आणि एक नाव घेतलं.

दाव्याशी या प्रश्नाचा काही संबंध नव्हता. हरकत आली. साहेबांनी लगेच ती मान्य केली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे घेऊ नका." माझी पेन्सिल सवयीनं पुढे गेली होती. मी ती ओळ खोडली. बाईंनी पदर सारखा केला. खोलीत साठेक माणसं होती, निम्मी गावातलीच. मागच्या बाकावरून एक बारीक हसण्याचा आवाज आला.

त्यानंतरची साक्ष आजही मला कागदावर दिसते. आधीची उत्तरं चार-चार, पाच-पाच ओळींची. नंतर 'होय.' 'खरे आहे.' 'मला आठवत नाही.' 'असू शकेल.' वरच्या न्यायालयात हा कागद वाचणाऱ्याला वाटणार, साक्षीदार उलटतपासणीत डळमळली, तिला नीट काही माहीत नव्हतं. ती का डळमळली हे कागदावर नाही, कारण ते लिहायचं नाही असं ठरलं, आणि नियमानं पाहिलं तर बरोबरच ठरलं. प्रश्न गैरलागू होता. तो नोंदवणं म्हणजे त्या बहिणीचं नाव कायमचं सरकारी दप्तरात घालणं. साहेबांनी तिला जपलं. पण त्या जपण्यातून शिक्षिका बाई मात्र खोट्या पडल्या.

दावा पुढे काय झाला ते महत्त्वाचं नाही. बाईंना मी पुन्हा एकदा बसस्टँडवर पाहिलं, त्यांनी ओळख दाखवली नाही.

९ जून १९५४. पिंजऱ्यात कोहन बसलाय आणि वेल्च त्याला छेडतायत. इतके कम्युनिस्ट माहीत आहेत तर घाई करा ना, सूर्य मावळायच्या आत त्यांना बाहेर काढा. बोलणं मधाळ आणि धार आतून. मॅकार्थी हे ऐकताना अस्वस्थ होतात आणि मध्येच सुरू करतात: वेल्च यांना कम्युनिस्टांची एवढीच काळजी असेल तर त्यांच्याच वकिली कार्यालयात फिशर नावाचा एक तरुण आहे, तो अमुक एका संघटनेचा सभासद होता.

इथे मी चित्रपट थांबवला. फिशरचा दाव्याशी संबंध नव्हता. तो त्या खोलीतही नव्हता. वेल्च यांनी त्याला मदतीला वॉशिंग्टनला आणलं होतं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, तुझ्या आयुष्यात असं काही आहे का, जे इथे बाहेर आलं तर तुला त्रास होईल? त्यानं सांगितलं की हार्वर्डला कायदा शिकताना आणि नंतर काही महिने तो नॅशनल लॉयर्स गिल्ड या वकिलांच्या डाव्या संघटनेत होता. वेल्च यांनी त्याला बोस्टनला परत पाठवलं. सुनावणीत फिशरचं नाव काढायचं नाही असं कोहनशी बोलणंही झालं होतं. त्याच्या बदल्यात कोहनच्या स्वतःच्या लष्करी भरतीचा विषय वेल्च काढणार नव्हते.

पुन्हा सुरू केलं आणि या वेळी मॅकार्थींकडे न बघता कोहनकडे बघितलं. तो मान हलवतोय. नाही, नाही. ओठ काहीतरी म्हणतायत. ज्याच्या बचावासाठी हे चाललंय तोच थांबवू बघतोय आणि मॅकार्थींचं तिकडे लक्ष नाही. छापील नोंदीत, जवळपास तीन हजार पानांत, ही मान कुठे असणार? कोहन त्या क्षणी बोलत नव्हता, म्हणून त्याच्या नावापुढे काही नाही.

मग वेल्च बोलतात. "सिनेटर, तुमचं क्रौर्य आणि तुमची बेफिकिरी किती आहे हे या क्षणापर्यंत मला खऱ्या अर्थानं कळलंच नव्हतं असं वाटतं." फिशरची हकिकत सांगतात. मॅकार्थी पुन्हा तेच सुरू करतात. तेव्हा ते प्रसिद्ध वाक्य येतं. इंग्रजीत ते 'डिसेन्सी' हा शब्द वापरतात. मी किती वेळ त्याला मराठी शब्द शोधत होते. सभ्यता म्हटलं तर टेबलावरची सभ्यता वाटते. शालीनता फार नाजूक आहे. आमच्या आजीनं म्हटलं असतं, "जनाची नाही तर मनाची तरी." पण वेल्च जनाचंही म्हणत होते आणि मनाचंही. शेवटी मी असं केलं: "साहेब, तुम्हाला कशाची चाड नाही का? इतकं सगळं झाल्यावरही? चाड म्हणून काही शिल्लकच नाही का?" मग ते म्हणतात, तुम्ही माझ्यापासून सहा फुटांवर बसत होतात, मला फिशरबद्दल विचारू शकला असतात. आणि अध्यक्षांना म्हणतात, आता पुढचा साक्षीदार बोलवा. खोलीत टाळ्या होतात.

मी रडले. ते खोटं सांगणार नाही. त्या शिक्षिका बाईंसाठी असं कुणी उभं राहिलं नव्हतं. मीही मुकाट्यानं ओळ खोडली होती.

पण नंतर वाचलं आणि काही गोष्टी मनातून जाईनात. फिशरची गोष्ट १६ एप्रिललाच, सुनावणी सुरू व्हायच्या आधी, 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून आली होती, आणि ती वेल्च यांच्याकडूनच आली होती. म्हणजे त्या दिवशी फुटलेलं गुपित हे गुपित नव्हतं. मग वेल्च यांचा गहिवर खोटा का? मला तसं वाटत नाही. मी वकिलांना मुद्दा रात्रभर घोकून आलेलं पाहिलंय आणि तोच मुद्दा मांडताना त्यांचा आवाज खरोखर फाटलेलाही पाहिलाय. तयारी असली म्हणून भावना खोटी ठरत नाही. ज्याची भीती वाटते त्याचीच तर माणूस तयारी करतो.

दुसरी गोष्ट जास्त टोचते. फोटोच्या प्रकरणात मॅकार्थींच्या समितीतला जेम्स ज्युलिआना साक्षीला होता. फोटो आला कुठून हे तो सांगेना, तेव्हा वेल्च यांनी विचारलं, मग काय पिक्सीनं आणून दिला? पिक्सी म्हणजे इंग्रजी लोककथांतला बुटका, खोडकर जीव. मॅकार्थींना वाटलं आपण कोटी करावी. ते म्हणाले, पिक्सी म्हणजे काय ते वकीलसाहेबांनी सांगावं, ते त्यातले जाणकार असावेत. वेल्च शांतपणे म्हणाले, पिक्सी ही परीची जवळची नातेवाईक. सगळी खोली हसली. मीही हसले. नंतर भाच्यानं सांगितलं की त्या काळच्या अमेरिकेत पुरुषाला परी म्हणणं म्हणजे काय. तो टोला कोहनच्या दिशेनं होता. १९५३च्या अध्यक्षीय आदेशानंतर समलैंगिक असणं हे सरकारी नोकरीतून काढून टाकायला पुरेसं कारण झालं होतं. कितीतरी माणसं त्यापायी देशोधडीला लागली. कोहन स्वतः शिकाऱ्यांत होता, त्यानं कुणाला दयामाया दाखवली नव्हती, हे खरं. पण त्या खोलीत, दोन कोटी लोकांसमोर, एका माणसाच्या खाजगी आयुष्याकडे बोट दाखवून हशा घेतला गेला. आमच्या मागच्या बाकावरून आलेला हसण्याचा आवाज मला तिथे पुन्हा ऐकू आला. 'चाड नाही का' विचारणारे आणि हे बोलणारे वेल्च एकच आहेत. मला त्यांना एकाच माणसात ठेवावं लागतं. ते जड जातं.

आणि फिशरचा बचाव कसा झाला बघा. तो कम्युनिस्ट नाही, तो तर रिपब्लिकन पक्षाच्या तरुणांच्या संघटनेचा सेक्रेटरी आहे, गव्हर्नरांच्या मुलाबरोबर. आणि तो त्या संघटनेत नसता तर? गिल्डमध्येच राहिला असता तर? खरोखरच कम्युनिस्ट पक्षात असता, आणि आपल्या खोलीत बसून कागदपत्रं लिहिण्यापलीकडे त्यानं काही केलं नसतं तर? त्याच्यासाठी वेल्च उठले असते का? ३६ दिवसांत समितीपुढच्या कुणीही हे म्हटलं नाही की मनात कुठला विचार आहे हे माणसाला विचारायचंच नसतं. लष्करानं म्हटलं, कम्युनिस्ट शोधण्यात आम्ही तुमच्यापेक्षा चोख आहोत. भांडण शिकाऱ्यांचं शिकाऱ्यांशी होतं. ज्यांची शिकार झाली ते या चित्रपटात नाहीत, कारण ते त्या खोलीत नव्हते.

शेवट पाहून मी भाच्याशी भांडले. समितीतले सिनेटर सिमिंग्टन मॅकार्थींना म्हणतात, "सहा आठवडे अमेरिकन जनता तुम्हाला बघते आहे. तुम्हीही कुणाला फसवू शकत नाही." आणि उठून निघतात. मॅकार्थी बोलतच राहतात. माणसं उठतायत, खुर्च्या सरकतायत, पाठी वळतायत आणि तो एकसुरी आवाज चालूच आहे. मग रिकामी खोली. अंगावर काटा येतो. पण हा शेवट संकलनाच्या टेबलावर रचलेला आहे. सुनावणी अशी संपली नव्हती. द अँटोनिओ यांनी ते कधी लपवलंही नाही.

मी म्हटलं, "अरे, हा रेकॉर्ड आहे. यात मागचं पुढे करायचं नसतं." माझ्या टेबलावर एखाद्यानं पान १४ उचलून पान ९०च्या जागी घातलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. ज्या चित्रपटात कापलेल्या फोटोवरून इतकं रान उठतं, त्यानंच असं करावं? तो म्हणाला, "मावशी, १८८ तासांचे ९७ मिनिटं करताना सगळंच कापलंय. तू इतका वेळ खरं म्हणून बघत होतीस ते काय होतं?" मला उत्तर सुचलं नाही. रात्रभर विचार करून एवढंच म्हणेन की फोटो कापणाऱ्यानं कर्नल होतेच हे लपवलं. द अँटोनिओ यांनी जे खरंच घडत गेलं, लोक त्या माणसाला सोडून गेले, तेच एका खोलीत दाखवलं. जूनपर्यंत गॅलपच्या पाहणीत ५०चे ३४ टक्के झाले होते. २ डिसेंबरला सिनेटनं ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थींचा निषेध केला. मे १९५७मध्ये ते वारले, वय ४८. तरीसुद्धा पानांची अदलाबदल मला पटत नाही. अजून पटलेली नाही.

आता आपल्याकडेही सुनावणी घरात बसून दिसते. २७ सप्टेंबर २०२२पासून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांची कामं थेट दाखवायला लागले आणि त्यात महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाचं प्रकरण होतं. आमच्या इमारतीत लोक क्रिकेटसारखे बघत होते. मीही पाहिलं. पण तिथे साक्षीदार नसतात. वकील आणि न्यायाधीश असतात, दोघांनाही बोलायची सवय असते. पिंजऱ्यातल्या माणसाचा चेहरा त्यात नाही, आणि मला वाटतं नसावाच. त्या शिक्षिका बाईंची उलटतपासणी गावभर थेट दिसली असती तर? साठ माणसांऐवजी सगळा तालुका. कॅमेऱ्यानं मॅकार्थींना उघडं पाडलं, पण फिशरचं नाव तोंडातून सुटलं तेव्हा ते देशभर पोचवलं त्याच कॅमेऱ्यानं. 'हे घेऊ नका' असं त्याला कोण सांगणार?

मॅकार्थींच्या समितीची खरी कामं तर कॅमेऱ्याच्या मागे झाली. बंद दारांआड त्यांनी शेकडो माणसांना बोलावलं. संगीतकार एरन कोपलंड, कवी लँगस्टन ह्यूज. आणि कितीतरी ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत असे कारकून, अभियंते, छपाई कामगार. त्या बंद सत्रांच्या नोंदी ५० वर्षं बंद होत्या, २००३ साली खुल्या झाल्या. तेव्हा वाचता आलं की आत काय विचारलं, कसं धमकावलं, कोण काय म्हणालं. तिथे कॅमेरा नव्हता. एक लघुलेखक होता. त्यानं किंवा तिनं मान खाली घालून सगळं घेतलं, म्हणून ते उरलं. चित्रपटात मी दर दृश्यात लघुलेखक शोधत होते. त्या गर्दीत कोण ते नीट ओळखू येत नाही.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. कपाटातून जुनी वही काढली, दोन पेन्सिली तासल्या, आणि ९ जूनचा तेवढा भाग पुन्हा लावला. वेग अजून बरा आहे. वेल्च, मॅकार्थी, अध्यक्ष मंट, पुन्हा वेल्च, सगळं घेतलं. एक शब्द सुटला नाही. मग मागे नेऊन नुसतं बघितलं, आणि जिथे कोहनच्या नावापुढे काही नव्हतं तिथे समासात लिहिलं: 'कोहन बोलत नाही. मान नकारार्थी हलवतो.'

पान उलटलं. कोरं होतं. त्यावर तारीख घातली, ती मला अजून आठवते. दाव्याचा नंबर आठवला नाही. बाईंचं नाव लिहिलं नाही, बहिणीचंही नाही. लिहिलं: 'साक्षीदार थांबली. पदर सारखा केला. मागून कुणीतरी हसले. मग म्हणाली, होय.'